पलंगाखाली ४८ लिटर

आमचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं चार. मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. नवीन वस्तू आणायची तर आधी कुठली बाहेर जाणार ते ठरवावं लागतं, असं घर. त्यामुळे "अडीअडचणीसाठी घरात साठा करून ठेवा" असं कुणी म्हटलं की मला आतून रागच यायचा, कारण सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर कायम तळघर नाहीतर मोठी कोठीची खोली असते आणि आमच्याकडे इस्त्रीचं टेबल उघडलं की दार अर्धंच उघडतं.

मग ते तीन दिवस आले. पाण्याची मेन लाइन फुटली आणि त्यात लाइट जात-येत होती, म्हणजे खालच्या टाकीत जे थोडंफार होतं तेही मोटर लावून वर चढवता येईना. पहिल्या सकाळी नळ सोडला तर नुसती हवा. घरात पिण्यासारखं पाणी किती आहे हे मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं, फिल्टरमधलं आणि फ्रीजमधल्या बाटल्या धरून साडेसहा लिटर. चार माणसं, त्यातल्या एकीला दिवसातून तीनदा गोळ्या. दुपारी शेजारची दारात आली, तिचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं, पावडरीच्या दुधावरचं, आणि तिच्या घरात तर एक थेंब नव्हता. मी तिला एक लिटर दिलं. पण देताना मनात हिशोब चालू होता की आता उरलं साडेपाच. बाळासाठी पाणी देताना असा हिशोब करावा लागला हे मला आजही टोचतं. पुढचं सगळं मी केलं त्याचं खरं कारण हेच आहे.

आणि गंमत नाही, खरंच सांगते, खायला त्या तीन दिवसांत घरात सगळं होतं. डबे भरलेले होते, तांदूळ होते, डाळी होत्या, पीठ होतं. पण धुवायला, शिजवायला, नंतर भांडी घासायला पाणी नाही म्हटल्यावर ते सगळं असून नसल्यासारखं. साठा म्हटलं की आपलं लक्ष आधी धान्याकडे जातं, बहुतेकांचं तसंच होतं, आणि तिथेच चुकतं. आधी पाणी. पाण्याचं मार्गी लागलं की मगच डब्यांकडे बघायचं.

किती पाणी? नंतर मी याचे आकडे शोधत बसले तर वेगवेगळे सापडले आणि आधी गोंधळच झाला. अमेरिकेत सांगतात माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे साधारण ४ लिटर, निदान ३ दिवसांचं आणि जमलं तर २ आठवड्यांचं. जपानमध्ये, जिथे भूकंप रोजचेच, तिथे सांगतात माणशी ३ लिटर, निदान ३ दिवस आणि शक्यतो आठवडाभराचं. युरोपियन युनियननेही २०२५ च्या मार्चमध्ये लोकांना सांगितलं की ७२ तास स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी तयारी घरात ठेवा, आणि त्यानंतर साधारण महिनाभराने, २८ एप्रिलला, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जवळजवळ सगळीकडचीच वीज काही तास गेली. आकडे थोडे पुढेमागे असले तरी सगळीकडे तळाला तीन दिवस आहेत. मी माणशी ४ लिटर धरले, त्यातलं निम्मं प्यायला आणि निम्मं स्वयंपाक, दात घासणं, हात धुणं यासाठी. आंघोळ यात नाही. कपडे नाहीत. संडासात फ्लशही नाही, कारण एका फ्लशला ६ लिटर जातात, म्हणजे एकाच फ्लशमध्ये एका माणसाचं दीड दिवसाचं पाणी गेलं. मदत छावण्यांसाठी जे जागतिक निकष आहेत त्यात सगळ्या वापराला मिळून माणशी १५ लिटर किमान धरतात, तेव्हा ४ लिटर म्हणजे नुसतं तगून राहण्यापुरतं, हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

चार माणसं, ४ लिटर, ३ दिवस, झाले ४८ लिटर. आकडा ऐकून नवरा म्हणाला एवढं ठेवणार कुठे. बरोबरच होतं त्याचं.

पण मग मी बसून खाण्याचाही हिशोब केला आणि तो बघून मलाच आश्चर्य वाटलं. माणशी दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर चौघांना तीन दिवसांना २४ हजार कॅलरी लागतात. एक किलो कोरड्या तांदळात साधारण ३५०० असतात आणि लिटरभर तेलात तब्बल ८ हजार. म्हणजे ५ किलो धान्य आणि १ लिटर तेल यातच आकडा पूर्ण होतो, आणि हे सगळं मिळून १० लिटरच्या एका कॅनएवढीसुद्धा जागा घेत नाही. नुसत्या कॅलरींवर कुणी जगत नाही हे मान्य, पण जागेच्या दृष्टीने बघा, पाणी ४८ लिटर आणि खाणं ७-८ लिटर. तेव्हा छोट्या घरात प्रश्न खाण्याच्या जागेचा नसतोच, पाण्याच्या जागेचा असतो. हे एकदा कळल्यावर मी डब्यांची चिंता सोडून दिली आणि टेप घेऊन घरभर मोजमाप करत फिरले.

घरात रिकामी जागा नसते असं आपण म्हणतो पण पोकळ जागा खूप असते. पलंगाखाली, सोफ्याच्या मागे भिंतीपर्यंतची वीतभर फट, सिंकखालचा कोपरा, कपाटात सगळ्यात खाली चपलांच्या मागे, आणि रिकाम्या प्रवासी बॅगा, ज्या वर्षातले अकरा महिने हवा भरून पडलेल्या असतात. आमचं पाणी पलंगाखाली गेलं, १० लिटरचे ५ कॅन, म्हणजे ५० लिटर. कॅन घ्यायच्या आधी पलंगाखालची उंची मोजा, मी नव्हती मोजली, पहिले दोन कॅन उभे बसेनात म्हणून आडवे ठेवले आणि एकाच्या झाकणातून थेंब थेंब गळत राहिलं. आठवडाभराने कळलं तोवर पलंगाच्या प्लायचा कोपरा फुगला होता. कॅन उभाच राहिला पाहिजे, आणि भरल्यावर पहिले दोन दिवस खाली कोरडा कागद घालून बघायचं, गळत असेल तर लगेच दिसतं.

वजनाचंही बोलायला पाहिजे कारण त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५० लिटर म्हणजे ५० किलो, एक मोठा माणूसच. हे माळ्यावर किंवा भिंतीतल्या फळीवर ठेवायचं नाही म्हणजे नाही. जड ते जमिनीवर, हलकं ते वर. आणि दाराच्या वाटेत तर काहीच नको, पळायची वेळ आली तर तोच अडथळा. २० लिटरचे मोठे जार स्वस्त पडतात आणि जागाही कमी खातात पण घरात मी नसताना सासूबाईंना तो उचलता येईल का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि १० लिटरवर थांबले. खरं सांगायचं तर १० सुद्धा त्यांना जडच होतात, पुढच्या खेपेला ५ लिटरचे घेणार आहे.

बाटल्या-कॅनच्या बाबतीत, खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक पाहिजे, तळाशी त्रिकोणात १ किंवा २ आकडा असतो तो बघा. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या चांगल्या चालतात, त्या भक्कम असतात आणि झाकणही घट्ट बसतं. दुधाच्या बाटल्या किंवा कॅन नको, कितीही धुतलं तरी दुधाचा अंश आत राहतो आणि त्यावर जंतू वाढतात. फिनेल, ॲसिड असलं काही ज्यात होतं तो कॅन तर कधीच नको. भरायच्या आधी साबणाने धुवायचा, मग लिटरभर पाण्यात एक छोटा (चहाचा) चमचा साधं ब्लीच, म्हणजे कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं पातळ द्रावण, घालून ते आतून सगळीकडे लागेल असं अर्धा मिनिट हलवायचं, ओतून टाकायचं आणि स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यायचं. मग पिण्याचं पाणी काठोकाठ भरून झाकण घट्ट. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. पाणी अंधारात आणि गारव्यात राहिलं पाहिजे, आणि पेट्रोल, रॉकेल, कीटकनाशक यांच्या शेजारी अजिबात नको, त्यांचा वास प्लास्टिकमधून हळूहळू आत जातो.

घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदलायचं. खूप दिवस बंद राहिलेलं पाणी जरा सपक लागतं, ते या भांड्यातून त्या भांड्यात दोन-चारदा वरून ओतलं की हवा मिसळते आणि चव सुधारते. जुनं पाणी फेकत नाही, फरशी पुसायला, झाडांना, कपडे भिजवायला जातं.

आता घरात जे पाणी आधीच असतं पण आपल्या लक्षात येत नाही त्याबद्दल. मला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्या तीन दिवसांत आमच्या बाथरूममध्ये भिंतीवर २५ लिटर पाणी लटकत होतं. गिझर! टाकीवाला गिझर असेल तर तो कायम भरलेला असतो. आधी लाइटचं बटण बंद, पाणी गार होऊ द्यायचं, आत येणारा व्हॉल्व बंद, मग गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा म्हणजे हवा आत जाते, आणि खालच्या ड्रेनमधून पाणी काढायचं. तो परत भरल्याशिवाय बटण चालू करायचं नाही, रिकामा गिझर चालू केला तर कॉइल जळते. हे पाणी वापरायला उत्तम, प्यायचं झालं तर उकळून. एकदा शांतपणे, अडचण नसताना, प्लंबरकडून ड्रेन कुठे आहे ते बघून घ्या, ऐनवेळी अंधारात पाना शोधत बसण्यात अर्थ नाही. संडासाच्या वरच्या टाकीतलं पाणीही आहे, त्यात रंगीत गोळी टाकत नसाल तर, पण ते मी धुण्या-पुसण्यापुरतंच धरते.

फ्रीझरमध्ये जी रिकामी जागा असते तिथे पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, पूर्ण नाही, वर चार बोटं मोकळी, कारण बर्फ झाला की फुगतो आणि बाटली तडकते. याचा दुहेरी फायदा आहे. भरलेला फ्रीझर दार न उघडता लाइट गेल्यावर साधारण ४८ तास गार राहतो आणि अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रीज मात्र ४ तासच. आणि बर्फ वितळला की तेच प्यायचं पाणी. माझ्या मते छोट्या घरासाठी याच्याइतकी चांगली युक्ती दुसरी नाही, कारण यासाठी जागाच लागत नाही.

साठा संपला आणि कुठूनतरी गढूळ पाणी मिळालं तर ते आधी स्थिर ठेवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी स्वच्छ फडक्यातून गाळायचं, मग खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, उंच डोंगराळ भागात, म्हणजे २००० मीटरच्या वर, तीन मिनिटं. गॅस नसेल तर ब्लीच, पण साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं. बाटलीवर ५-६ टक्के लिहिलेलं असेल तर लिटरमागे २ थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं, जरासा ब्लीचचा वास आला पाहिजे. नाही आला तर परत तेवढेच थेंब आणि पंधरा मिनिटं. ड्रॉपर त्याच डब्यात ठेवा, "थेंब" अंदाजाने ओतायची गोष्ट नाही. आणि पाण्यात पेट्रोल, औषधं, कारखान्याचं काही मिसळलं असेल तर ना उकळून भागतं ना ब्लीचने, ते पाणी सोडूनच द्यायचं.

आता खाण्याकडे वळते, पण इथे मी थोडक्यात सांगणार आहे कारण ते खरंच सोपं आहे. वेगळा "इमर्जन्सी"चा डबा करू नका. मी केला होता, त्यात कधी न खाल्लेल्या वस्तू भरल्या, कपाटाच्या तळाशी ठेवला आणि काही महिन्यांनी उघडला तर निम्म्या गोष्टी तारीख उलटलेल्या आणि बिस्किटांना खवट वास. एवढं अन्न टाकताना फार वाईट वाटलं. छोट्या घरात वेगळा साठा नजरेआड होतो आणि नजरेआड गेलेला साठा खराबच होतो. त्यापेक्षा रोज जे खातो तेच एक पाकीट जास्त. डाळीचं पाकीट फोडलं की यादीत डाळ, ते संपायची वाट नाही बघायची. नवीन आणलेलं मागे आणि जुनं पुढे. जपानमध्ये याला रोलिंग स्टॉक म्हणतात, म्हणजे साठा फिरता ठेवायचा, खात जायचा आणि भरत जायचा.

फक्त एक भर मी घातली, बिनपाण्याचं आणि बिनशिजवायचं खाणं, निदान पहिल्या दिवसापुरतं. दाणे, सुकामेवा, पीनट बटर, बिस्किटं, टेट्रापॅकमधलं दूध, डबाबंद कडधान्य. खूप खारट नको, तहान वाढते. डबाबंद घेतलं तर डबा फोडायचं ओपनर आहे ना ते बघा, आणि फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा चव घेऊनसुद्धा बघायचा नाही, सरळ टाकायचा. हे सगळं आमच्याकडे एका चाकांच्या बॅगेत असतं. प्रवासाला निघताना बॅग रिकामी करावी लागते, तेव्हा आपोआप सगळ्या तारखा बघून होतात, आणि घर सोडायची वेळ आली तर तीच बॅग ओढत न्यायची.

तांदळाचं म्हणाल तर पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खूप टिकतो, ब्राउन राइस नाही, त्यात तेलाचा अंश असतो आणि काही महिन्यांत वास धरतो. पिठाचंही तसंच, अख्खं धान्य टिकतं, पीठ लवकर कडू होतं. टोके होऊ नयेत म्हणून नवीन आणलेलं धान्य मी आधी तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, अंडी असतील तर मरतात, मग बाहेर काढून पिशवी न उघडता घरातल्या तापमानाला येऊ देते, नाहीतर ओल धरते, आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात. गॅसच्या वरचं कपाट साठ्यासाठी सगळ्यात वाईट, तिथे रोज वाफ आणि उष्णता. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको.

लाइट गेल्यावर घरात कोळशाची शेगडी पेटवायची किंवा खोलीत जनरेटर लावायचा, हे कृपा करून कुणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि छोट्या बंद खोलीत तो फार लवकर साठतो. माणसं झोपेत जातात. त्यासाठीच पहिल्या दिवसाचं खाणं बिनशिजवायचं असलं पाहिजे, म्हणजे असली घाई करावीच लागत नाही.

काही सुटी सुटी राहिलेली. घरात लहान बाळ असेल तर त्याच्या पावडरीसाठी पाणी वेगळं धरा, आणि बाळ अंगावर पीत असेल तर आईला जास्त पाणी लागतं हे विसरू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, साखर संपली म्हणूनही नाही. पाणी साठवलेल्या बादल्या-पिंपांना झाकण पाहिजेच, रांगतं मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. जुलाब सुरू झाले आणि पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही छोट्या चमच्याने, हे मी कागदावर लिहून कॅनलाच चिकटवून ठेवलंय. वादळाचा नाहीतर पाणी बंदचा इशारा आला की घरातली असतील नसतील ती सगळी भांडी भरायची, आधी भरायची आणि मग बातम्या बघायच्या.

संडासाचं मात्र माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. भांडी धुतलेलं, हात धुतलेलं पाणी बादलीत जमा करून तेच ओततो, तीन दिवस भागतं, त्याच्यापुढे चार माणसांच्या घरात अवघडच आहे.

आमचं पाणी बदलायचे दिवस ठरलेले आहेत, मुलीचा वाढदिवस आणि बरोबर त्याच्या सहा महिन्यांनंतरचा रविवार. मागच्या रविवारी बदललं. मुलगी कॅनवर टेप लावून मार्करने तारीख लिहिते, ते काम तिचंच, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ४८ च्या वर जे दोन लिटर उरतात तेवढ्यावर माझं समाधान होत नव्हतं म्हणून सोफ्यामागच्या फटीत कोल्ड्रिंकच्या सहा बाटल्या भरून उभ्या केल्यात, त्यावर तिने "शेजारचं बाळ" असं लिहिलंय. बाळ आता चालायला लागलंय, पण टेप तशीच ठेवली.